इंजिनाच्या नादाला लागण्याआधी

मा. संपादक साहेब,
स. न.

सुट्टी लागली की आमच्या भागातली पोरं रिमोटच्या हेलिकॉप्टरचा हट्ट धरतात. यंदा माझ्या भाच्यानं धरलाय, कॉलेजला आहे, पैसे त्याचे त्यानं साठवलेत, त्यामुळं नाही म्हणायची सोय नाही. म्हणतो, "मामा, बॅटरीचं खेळणं नको, इंजिनवालंच घ्यायचं, आवाज कसला भारी येतो!" आता नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वेडही, आणि किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात इंजिनाचा नाद नसलेला माणूस शोधून दाखवा. मी स्वतः कुपवाड एमआयडीसीत लेथवर २० वर्षं काढलीत, म्हणून तर फसलो.

मी पहिलंच हेलिकॉप्टर ३० क्लासचं (हा इंजिनाच्या मापाचा आकडा) इंजिनवालं घेतलं, सेकंडहॅंड, विकणारा म्हणाला हे घेतलं की बॅटरीकडं परत बघणार नाही. आधी एक सांगतो, यात पंपावरचं पेट्रोल चालत नाही, मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असं मिश्रण लागतं, माझ्यातलं तेल एरंडेलाचं होतं त्यामुळं सगळ्या शर्टांना तो वास. पेट्रोलवर चालणारी मोठी मॉडेलं असतात, पण ती नवशिक्याची नव्हेच. तर मी रविवारी सकाळी सातला शेताकडंला जायचो, इंजिन पेटवणारा ग्लो प्लग गरम करायचा, स्टार्टर मारायचा, धूर बघून इंधन कमी-जास्त करणारी सुई पाव आटा उघडायची, परत मिटायची, तोवर नऊ वाजायचे, ऊन चढायचं आणि सकाळची सेटिंग बिघडायची. असे सहा रविवार गेले, उडवलं किती तर सगळं मिळून पंधरा मिनिटं. सातव्या रविवारी डोक्याएवढ्या उंचीवर इंजिन बंद पडलं. मुरलेला माणूस अशा वेळी नुसत्या फिरत्या पात्यांवर अलगद उतरवतो, मी रिमोट धरून बघत राहिलो आणि ते आडसाली उसात गेलं. शोधायला दीड तास, हातापायाला चरे, शेतकऱ्याचं बोलणं खाल्लं ते वेगळंच.

इंजिन वाईट होतं असं नाही हो. पण हेलिकॉप्टर शिकणं म्हणजे आधी ते हवेत एका जागी धरायला शिकणं, शेपूट आपल्याकडं ठेवून, मग आडवं, मग नाक आपल्याकडं, आणि नाक आपल्याकडं आलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथंच सगळे पडतात. हे बोटांना शेकडो वेळा करूनच कळतं. बॅटरीवाल्यात प्लग जोडला की उडवायला तयार, पाच-सहा मिनिटं उडतं, तीन-चार बॅटऱ्या असल्या तर एका सकाळी माझ्या सहा रविवारांपेक्षा जास्त हात बसतो. आणि त्याच्याही आधी महिनाभर कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, तिथं पाडलं तर गिअरचे दात जात नाहीत.

इंजिनाच्या बाजूचंही सांगतो नाहीतर भाचा म्हणेल मामा एकतर्फी बोलतो. मोठं मॉडेल वाऱ्यात स्थिर राहतं, टाकी भरली की लगेच परत उडतं, चार्जिंगची वाट बघावी लागत नाही. पूर्वी बॅटऱ्या जड आणि मोटरी अशक्त, तेव्हा जुनी मंडळी इंजिनच घ्या म्हणायची ते बरोबरच होतं, लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रशलेस मोटर आल्यावर ते बदललं.

आता "खेळणं" या शब्दाबद्दल, कारण मला खरी भीती त्याची आहे. ४५० साइजच्या बॅटरीवाल्याचं पातं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ७० सेंमी, मिनिटाला अडीच हजार फेरे, हिशोब करा, टोकाचा वेग तासाला ३०० किमीच्या वर जातो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेत १९ वर्षांचा मुलगा, तोही चांगला मुरलेला, स्वतःच्याच हेलिकॉप्टरचं पातं लागून जिवानिशी गेला. बॅटरी जोडायच्या आधी थ्रॉटल होल्डचं, म्हणजे मोटर फिरू न देणारं, बटण लावलेलंच पाहिजे, उडवताना चार पोरं भोवती जमली की मशीन खाली. बॅटरीही साधी नव्हे, तिच्यातल्या एकेका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नाही, साडेतीनच्या खाली नेऊ नका, ठेवून द्यायची तर ३.८ ला, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवरच, फरशीवर, समोर बसून, गादीवर तर अजिबात नाही. फुगली की परत लावायची नाही. तिकडं मिथेनॉल विष आहे आणि त्याची ज्वाळा उन्हात दिसत पण नाही, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणारे लोक मी पाहिलेत.

आणि गल्लीत, गच्चीवर नकोच. पोरं म्हणतात कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर जाऊ, पण जागेची परवानगी घ्या, ड्रोन नियम २०२१ आहेत, कुठं उडवता येतं ते दाखवणारा सरकारच्या डिजिटल स्कायचा नकाशा मोबाइलवर दिसतो, तो बघून मगच.

भाच्याला बॅटरीवालं ४५० घ्यायला लावलंय, खाली काड्यांना चार बॉल बांधून, म्हणजे कलंडलं तरी पातं जमिनीला लागायला नको. माझं ते ३० चं इंजिन कपाटावर आहे, खंडेनवमीला पान्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागतं. त्याला सांगितलंय, नाक तुझ्याकडं ठेवून दोन मिनिटं एका जागी धरून दाखव, इंजिन तुझं. काल सिम्युलेटरवर अकरा सेकंद झाले.

आपला,
एक वाचक, कुपवाड, जि. सांगली