लाकूड म्हणजे कुठलं लाकूड?

मा. संपादक,
स. न.

कालच्या विज्ञान पुरवणीत घनतेच्या गुणोत्तरावरून वस्तुमान काढण्याविषयीचा लेख वाचला. विषय चांगला, भाषाही सोपी, त्याबद्दल आभार. पण सोबतचा तक्ता छापण्याआधी कोणी डोळ्यांखालून घातला होता का? त्यात लाकडाची घनता ठोकून ०.६५ दिली आहे. कुठलं लाकूड? पाण्याची घनता १ धरली तर बाल्सा ०.१५च्या आसपास असतं, लिग्नम व्हिटे तर पाण्यात बुडतं. तुमच्याकडे सगळे एकाच मापात!

मी फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतशाळेत, पॅटर्न करण्यात हयात घालवली. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा नमुना, त्यावरून साचा करतात. लाकडी पॅटर्न तोलायचा, गुणोत्तराने गुणायचा, की कास्टिंगचं, म्हणजे ओतलेल्या वस्तूचं, वजन हाती येतं. आमचं पाइन कोरडं असलं की ०.४५ भरायचं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ७.२, म्हणजे सोळापट. ३ किलोच्या भरीव पॅटर्नला ४८ किलो बीड लागणार, हे आम्ही तोंडी सांगायचो. एकदा नव्या इंजिनिअरसाहेबांनी अशाच कुठल्याशा तक्त्यातला ०.६५ उचलला. गुणोत्तर आलं अकरा, वजन ३३ किलो. म्हटलं, "साहेब, पॅटर्न जरा हातात घेऊन तरी बघा, किती हलका आहे." तर म्हणे, "काका, पुस्तकात काय चुकीचं लिहितील?" रनर-रायझरसाठी (साच्यातल्या धातूच्या वाटा आणि जादा साठा) थोडं जादा धरलं, लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) रिकामं झालं आणि साचा काही भरेना. दुसरं लॅडल येईपर्यंत आतलं बीड थिजलं होतं. कास्टिंग गेलं भंगारात. बोलणी कोणी खाल्ली? पॅटर्न शॉपने. म्हणे, पॅटर्नच मोठा झाला!

आणि तुमचे लेखक लिहितात, ही पद्धत 'अचूक' आहे. आहे ना, आकारमान तेच असेल आणि दोन्ही घनता खऱ्या असतील तर. कोअर प्रिंटचं (पोकळीसाठीचा गाभा साच्यात टेकवायला पॅटर्नला ठेवलेल्या जादा भागाचं) वजन पॅटर्नमध्ये असतं, कास्टिंगमध्ये नसतं. ते आधी वजा करावं लागतं. पॅटर्नने १०० ग्रॅम ओल धरली की हिशोबात १.६ किलो बीड फुकट वाढतं. वाळूचा कण २.६५चा, पण सैल ढीग १.६च्या आसपास, कारण मधे हवा. यातलं एक अक्षर लेखात नाही.

त्याच तक्त्यात अॅल्युमिनियम २७०० आणि तांबं ८.९६. एकाला किलो प्रति घनमीटर, दुसऱ्याला ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, आणि एककांचा रकाना गायब. या हिशोबाने अॅल्युमिनियमची वस्तू तेवढ्याच तांब्याच्या तीनशेपट जड भरते. विमानं बनवणाऱ्यांना कळवलंत का?

दुरुस्ती छापावी, ही विनंती. तीही पहिल्या पानावर नको, जिथे तक्ता छापला तिथेच छापा. शाळेची मुलं ही पुरवणी कापून वहीत चिकटवतात.

जाता जाता: शब्दकोड्याखाली 'उत्तरे उद्याच्या अंकात' असं लिहिता आणि उद्याच्या अंकात त्या जागी जाहिरात असते. निदान ते वाक्य तरी काढून टाका.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर