मित्रास पत्र: माझं मत दुसऱ्या अलेक्झांडरला

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझ्या गच्चीवर आपला वाद अर्धाच राहिला. वहिनींनी ताटं वाढली आणि आपण उठलो. पण परतीच्या एसटीत मला डोळा लागला नाही. रशियाचा सगळ्यात मोठा राज्यकर्ता कोण, याचं माझं उत्तर मला तोंडी नीट मांडता आलं नाही, म्हणून आज सकाळपासून लिहायला बसलोय.

तू स्टालिन म्हणालास. लाकडी नांगराच्या देशाला त्याने अणुबॉम्बपर्यंत नेलं, हिटलरच्या फौजा मॉस्कोच्या वेशीवरून बर्लिनपर्यंत मागे रेटल्या, याहून मोठं काय असतं, असं तुझं म्हणणं. हे मत तुझ्या घरात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. होस्टेलला सुट्टी लागली की मी तुमच्या चाळीत यायचो, आणि काका गिरणीतून आले, हातपाय धुतले की अण्णा भाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा म्हणायचे. एका हाताने मांडीवर ठेका धरून. माझ्या अंगावर काटा यायचा, आणि आजही त्या पोवाड्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तो ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे उभी राहायची ती पडक्या कारखान्यांतून लढणारी साधी माणसं. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. त्याआधी १९३७-३८ च्या शुद्धीकरणात स्टालिनने आपल्याच सैन्याचे अधिकारी संपवले होते, पाचपैकी तीन मार्शलांचा जीव त्यात गेला. जून १९४१ मध्ये जर्मन हल्ला येतोय अशा खबरांवर खबरा येत होत्या, त्याने त्या मानल्या नाहीत. विजयाचं श्रेय त्याला द्यायचं तर हा हिशेबही त्याच्याच नावावर मांडावा लागेल.

पण खरं सांगू? मला सगळ्यात जास्त झोंबतो तो ७ ऑगस्ट १९३२ चा कायदा. सामूहिक शेतातलं (शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून चालवलेल्या शेतातलं) धान्य चोरलं तर गोळी, आणि काही सवलत मिळालीच तर दहा वर्षं कैद. लोक त्याला पाच कणसांचा कायदा म्हणायचे, कारण पीक निघाल्यावर रानात पडलेली कणसं वेचणारी माणसंही त्यात सापडली. म्हणजे सरवा वेचणं हा गुन्हा! माझी आजी तुला आठवते ना? ज्वारीची काढणी झाली की ती पदराचा खोळ करून दुसऱ्याच्या रानात सरवा वेचायला जायची. वाकून वाकून तिची कंबर कायमची वाकली. संध्याकाळी ओट्यावर बसून कणसं चोळायची, पाखडायची आणि ओंजळभर दाणे वेगळ्या गाडग्यात ठेवायची. त्या गाडग्यावर आम्ही दोन-दोन आठवडे काढलेत. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये, कझाकस्तानात, व्होल्गाकाठी लाखो माणसं उपाशी मरत होती, त्याच दिवसांत हा कायदा राबवला जात होता. तो वाचला तेव्हा मला पहिल्यांदा आजीच दिसली. तेव्हापासून स्टालिनला मी मोठा म्हणू शकलेलो नाही.

आजोबा सालगडी होते, हे तुला मी पूर्वी सांगितलंय. पाडव्याला साल ठरायचं, उचल घेतली की वर्षभर मालकाचं दार सोडायचं नाही. उचल फिटली नाही की पुढचं साल. रशियाचा इतिहास मी वाचायला लागलो आणि भूदास, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेला शेतकरी, हा शब्द पुन्हापुन्हा समोर आला, तेव्हा मला तो फार ओळखीचा वाटला. तिथली अवस्था मात्र कैकपटीने वाईट होती. मालक भूदासाला विकू शकत होता, फटके मारू शकत होता, सैन्यात नाहीतर सैबेरियात पाठवू शकत होता. पीटर्सबर्गच्या वर्तमानपत्रांत माणसं विकायच्या जाहिराती यायच्या. म्हणून रशियाच्या प्रत्येक राज्यकर्त्याला मी आधी एकच गोष्ट विचारतो: रानातल्या माणसाच्या पायातली दोरी तू आवळलीस की सैल केलीस?

झार (सम्राट) पीटर द ग्रेटचं नाव सगळेच घेतात. त्याची धडाडी मला मान्य आहे. राजा असून हॉलंडच्या गोदीत हातात अवजार घेऊन जहाजबांधणी शिकणारा माणूस सहसा सापडत नाही. नार्व्हाला १७०० मध्ये स्वीडनकडून सपाटून मार खाल्ला आणि नऊ वर्षांत पोल्टाव्हाला त्यांनाच धूळ चारली. पण नेव्हा नदीच्या दलदलीतलं त्याचं शहर, पीटर्सबर्ग, दरवर्षी हजारोंच्या संख्येने वेठीला धरलेल्या माणसांनी उभं केलं. डोईपट्टी त्याने बसवली. मालकाच्या चिठ्ठीशिवाय शेतकऱ्याने गावाबाहेर जायचं नाही, हा नियमही त्याचाच. पुढे सम्राज्ञी कॅथरीनने १७६८ मध्ये स्वतःला देवी टोचून घेतल्या, लोकांची भीती जावी म्हणून. त्या काळात त्याला छाती लागत होती. पण त्याच्या आदल्याच वर्षी, एकीकडे नव्या कायद्यांसाठी आयोग बसवून आणि माणुसकीच्या गोष्टी लिहून, तिने भूदासांना मालकाविरुद्ध तक्रार करायचीच बंदी केली. आणि मर्जीतल्या सरदारांना माणसांसकट गावं वाटली ती वेगळीच.

आता माझा माणूस. दुसरा अलेक्झांडर.

क्रायमियाच्या युद्धात रशिया हरत होता तेव्हा, १८५५ मध्ये, तो गादीवर आला. वर्षभरानंतर मॉस्कोच्या सरदारांपुढे उभा राहून त्याने सांगितलं की ही भूदासपद्धत खालून आपोआप मोडण्यापेक्षा आपणच वरून मोडलेली बरी. समोर बसलेल्यांची सगळी श्रीमंती त्याच पद्धतीवर उभी होती. पाच वर्षं समित्या, अडथळे, रुसवेफुगवे चालले. मार्च १८६१ मध्ये जाहीरनामा निघाला आणि सुमारे २ कोटी ३० लाख माणसं मालकाच्या मालकीतून सुटली. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा यायला अजून जवळजवळ दोन वर्षं होती, आणि तिथे त्या प्रश्नावर भाऊ भावाशी लढणार होता. रशियात ते यादवी युद्धाशिवाय झालं.

तू म्हणशील, जमिनीचं काय? खरं आहे, इथे माझी बाजू दुखरी आहे. जमिनीची किंमत सरकारने मालकांना दिली आणि शेतकऱ्यांकडून ती सहा टक्के व्याजाने, ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायचं ठरवलं. ४९ वर्षं! ही आजोबांची उचलच की, फक्त मालकाच्या जागी सरकार. चांगल्या जमिनी मालकांनी छाटून ठेवल्या. घरकामाच्या भूदासांना तर जमीनच मिळाली नाही. कझान प्रांतात बेझ्दना नावाच्या गावात आंतोन पेत्रोव्ह या शेतकऱ्याने तो किचकट कायदा गावाला वाचून दाखवला आणि खरं स्वातंत्र्य यातच लिहिलंय, मालकाची वेठ करू नका, असा अर्थ लावला. आजूबाजूच्या गावांतून हजारो लोक त्याच्या दारात जमले. सैन्याने त्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, आणि पेत्रोव्हलाही गोळी घालून मारलं. हे अलेक्झांडरच्याच राज्यात झालं. पोलंडचा उठाव त्याने चिरडला, कॉकेशसमधल्या चेर्केस लोकांना त्यांच्या डोंगरांतून तुर्कस्तानाकडे हाकललं, १८७६ मध्ये युक्रेनियन भाषेतली पुस्तकं छापायची बंदी केली. आपल्यासारख्या भाषावेड्यांनी ती बंदी कधीच माफ करू नये, मी करत नाही.

तरीही मी त्याच्याच बाजूने आहे. कारण विकत घेतलेला माणूस आणि कर्जात बुडालेला माणूस यांत मला फार मोठं अंतर दिसतं. आजोबा कर्जात होते, पण माझ्या बापाला कुणी विकू शकत नव्हतं, आणि म्हणूनच बाप शाळेत गेला. १८६१ नंतर रशियातला शेतकरी मालकाला न विचारता लग्न करू शकत होता, कोर्टात जाऊ शकत होता, स्वतःच्या नावावर काही घेऊ शकत होता. १८६४ मध्ये गावोगावी शाळा आणि दवाखाने चालवणारी झेम्स्त्वो मंडळं आली, उघडी न्यायालयं आली, ज्यूरी आली. त्या ज्यूरीने १८७८ मध्ये काय केलं बघ. राजधानीच्या गव्हर्नरने टोपी काढली नाही म्हणून एका कैद्याला फटके मारवले होते. व्हेरा झासुलिच या तरुणीने त्या गव्हर्नरवर गोळी झाडली, आणि साध्या नागरिकांच्या ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं! सरकार चिडलं, तिला पुन्हा पकडायला निघालं, पण तोपर्यंत ती निसटली होती. झारच्या रशियात झारच्याच कोर्टात हे घडलं.

मुलीबरोबर पीटर्सबर्गला गेलो होतो तेव्हा कालव्याकाठच्या त्या रंगीत घुमटांच्या चर्चमध्ये आम्ही गेलो. आत सगळ्या भिंतींवर रंगीत खड्यांची चित्रं, मान वर करून बघावी अशी. पण एका टोकाला, छत्रीखाली, रस्त्याचे साधे दगड आणि कालव्याच्या कठड्याचा तुकडा जपून ठेवलाय. १३ मार्च १८८१ ला अलेक्झांडर तिथे पडला. पहिला बॉम्ब त्याच्या बग्गीखाली फुटला, त्याला काही झालं नव्हतं. गाडीवान सांगत होता, महाराज, उतरू नका, सरळ राजवाड्याकडे जाऊ. तो उतरला. जखमी झालेल्यांना बघायला. तेवढ्यात दुसरा बॉम्ब त्याच्या पायाशी पडला. त्याच दिवशी सकाळी त्याने निवडून आलेल्या प्रतिनिधींना कायद्यांच्या कामात घेण्याच्या योजनेला संमती दिली होती. त्याच्या मुलाने ती गुंडाळून ठेवली. राजवाड्यात आजोबाचा तो छिन्नविछिन्न देह बघत बारा वर्षांचा नातू उभा होता. तोच पुढे शेवटचा झार झाला. मी त्या दगडांपाशी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, मुलगी शेवटी हात धरून घेऊन गेली.

सोव्हिएत संघाचा शेवटचा नेता गोर्बाचेव्ह, त्याचं नाव तू मध्येच घेतलंस आणि सोडून दिलंस. माझ्या यादीत तो दुसरा. त्याचे दोन्ही आजोबा शेतकरी, दोघांनाही स्टालिनच्या काळात अटक झाली होती. आणि हेही तुला सांगायचं राहिलं: स्टालिनच्या सामूहिक शेतांवरच्या लोकांना देशांतर्गत पासपोर्ट मिळत नसे, त्याशिवाय शहरात जाऊन राहता येत नसे. हा नियम १९७४ मध्ये बदलला. म्हणजे पीटरची ती चिठ्ठीची अट दोनशे वर्षांनी स्टालिनने पुन्हा त्याच रानातल्या माणसावर लादली होती.

काकांची पोवाड्यांची वही माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, निळ्या पुठ्ठ्याची. शोधून ठेव. मे महिन्यात मी येतोय. आधी तू तो पोवाडा म्हण, पूर्ण, काका म्हणायचे तसा. मग आपण पुन्हा बसू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना रूममेट