कुंडीवर उजेडाची चिठ्ठी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आमच्या म्हापशाच्या कॉलनीत घरातल्या कुंड्यांची रडारड सुरू होते. मनीप्लांट पिवळा पडला, सिंगोनियमच्या काड्या लांबल्या, तुळस काळवंडली. मग कुणी खत घालतं, कुणी चहाचा चोथा, कुणी आणखी एक तांब्या पाणी. खिडकीकडे मात्र कोणी बघत नाही. माझा जन्म फोटो स्टुडिओ चालवण्यात गेला, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते.

माणसाचा डोळा मोठा लबाड. उजेड कमी झाला की बाहुली मोठी करून तो भागवून घेतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही. उजेड मोजायचा मीटर असली दयामाया करत नाही. पर्वरीला लेकीच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी मीटर धरला आणि तिथून सोफ्यापर्यंत आलो, काटा तीन स्टॉप खाली! एका स्टॉपला उजेड निम्मा होतो, म्हणजे इथे तो आठव्या हिश्शावर. लेक म्हणते, "बाबा, भरपूर उजेड आहे की!" लक्स हे उजेड मोजायचं माप; स्वच्छ दुपारी उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो, घराच्या आतल्या कोपऱ्यात जेमतेम शे-दोनशे. तिथे स्नेक प्लांट किंवा झीझी तग धरतात खरे, पण वाढत नाहीत, साठवणीवर दिवस काढतात. मोगरा आणि तुळस तेवढंही करत नाहीत.

त्यात आपला पाऊस. ढगांनी उजेड आधीच कमी, वर झड आत येऊ नये म्हणून गॅलरीला निळी ताडपत्री. उजेड नसला की पान पाणी ओढत नाही, आणि हवाच इतकी दमट की माती आठवडाभर ओली राहते. मुळं कुजतात, कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या घोंघावतात. पिवळं पान बघून पाणी घालायचं म्हणजे बुडणाऱ्याला घोटभर पाजण्यातला प्रकार. बोट दोन पेरं मातीत घालून बघावं, ओल लागली तर तांब्या खाली ठेवावा.

कुंडीची जागाही वर्षभर एकच ठेवून चालत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीत येतं. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत गोव्यात दुपारचा सूर्य उलट डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे त्याच खिडकीत दुपारचं ऊन फिरकतही नाही. आणि पावसाळाभर आत राहिलेली कुंडी ऑक्टोबरच्या उन्हात एकदम काढू नये, पानं भाजून पांढरी पडतात. आधी सकाळचं कोवळं ऊन दाखवावं.

खिडकीच नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब चालते, जांभळ्या दिव्याचा सोस कशाला? फक्त ती पानांपासून हात-दीड हातावर हवी आणि रोज बारा तास. छताला लावली तर उजेड तुम्हाला मिळतो, झाडाला नाही.

आता आपल्या पुरवणीबद्दल. पुस्तकांच्या कपाटावर, जिन्याखाली, न्हाणीघरात हिरवीगार कुंडी, असे फोटो त्यात दर महिन्याला असतात. असे फोटो मीही काढले आहेत. शेजारी दोन लाइट लावतो, फोटो झाला की कुंडी परत गॅलरीत. वाचक मात्र तो फोटो बघून नर्सरीत जातो, तिथे 'इनडोअर आहे, कुठेही ठेवा' असं सांगून त्याच्या हातात अरेका पाम देतात, आणि चतुर्थीपर्यंत तो पाम झाडणीसारखा होतो.

तेव्हा गोव्यातल्या नर्सरीवाल्यांना माझी विनंती आहे. किमतीच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहा: 'खिडकीतच', 'खिडकीपासून दोन हात' किंवा 'कोपऱ्यात चालेल'. आणि आपण पुरवणीत कुंडीचा फोटो छापाल तेव्हा खिडकी कुठल्या बाजूला आणि किती लांब आहे, तेही खाली छापावं. मोबाइलवर लक्स मोजायचं अ‍ॅप फुकट मिळतं. आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण खिडकी आणि कोपरा यांतला फरक त्यात बरोबर कळतो.

आपला,
एक निवृत्त फोटोग्राफर, म्हापसा