आजीच्या बोरमाळेचा हिशोब

मूर्तिजापूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझा लेख मिळाला, सावकाश बसून वाचला. मांडणी चांगली आहे. पण एक वाक्य मनाला फार लागलं. १९३१ नंतर हिंदुस्थानातून जे सोनं विलायतेला गेलं, त्याबद्दल तू लिहिलंस की 'सोन्याच्या वाढत्या भावाचा शेतकऱ्यांनी फायदा घेतला'. तेव्हाचं सरकारही हेच म्हणत होतं. लोक आपखुशीने विकताहेत, त्यांना नफा होतो आहे, मग बंदी कशाला? त्या विकणाऱ्यांत तुझी पणजी, म्हणजे माझी आजी होती. म्हणून हे पत्र.

पहिल्या महायुद्धानंतर वऱ्हाडात कापसाला भाव होता. आजोबांनी त्या भरवशावर १९२५ च्या सुमारास सावकाराकडून कर्ज काढलं, विहिरीसाठी आणि बहिणीच्या लग्नासाठी. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून त्या पिढीला उधळी म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. कापसाच्या तेव्हाच्या भावात ते कर्ज फिटण्यासारखं होतं. सावकार काही दयेपोटी देत नव्हता, त्यालाही पीक दिसत होतं.

मग १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि दोनेक वर्षांत कापसाचा भाव निम्म्यावर आला. ज्वारीही पडली. पण कर्जाचा आकडा रुपयांत लिहिलेला, तो तसाच राहिला. शेतसाराही रोख. आपल्याकडे रयतवारी, प्रत्येक खातेदाराने आपला सारा आपण भरायचा. कधी थोडी सूट मिळे, पण पूर्वी दहा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, कापसात जे भागायचं त्याला आता वीस बंड्या लागत, आणि शेत तर तेवढंच! शिवाय किस्त भरायची वेळ आणि कापूस घरात यायची वेळ एकच, त्यामुळे सगळं गाव एकदमच कारंज्याच्या बाजारात बंड्या घेऊन उभं. हर्रासात, म्हणजे लिलावात, अडत्या (दलाल) म्हणेल तो भाव. बंडी भरून परत आणणं परवडत नसे, कारण घरी पटवारी आणि सावकार दोघेही वाट पाहत असत.

रुपयाच्या दराचं तू एका ओळीत उरकलं आहेस, तिथे थोडं थांब. १९२७ च्या कायद्याने रुपया एक शिलिंग सहा पेन्सवर बांधला गेला. एक शिलिंग चार पेन्स ठेवा असं मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलन आयोगाच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडून सांगितलं होतं. रुपया महाग ठेवला की परदेशात विकलेल्या कापसाचे इथे हाती पडणारे रुपये कमी होतात. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान, म्हणजे पौंडाची सोन्याशी बांधलेली किंमत, सोडला, पण रुपया पौंडालाच बांधून ठेवला. सोन्यापुढे पौंड घसरला, त्याच्याबरोबर रुपयाही, म्हणून सोनं रुपयांत महागलं, कापूस मात्र पडलेलाच. त्यात आपल्या कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपान. त्याने १९३३ मध्ये खरेदीवर बहिष्कार टाकला, तो तंटा जानेवारी १९३४ मध्ये मिटला.

आता आपल्या घरातलं सांगतो. आजीची बोरमाळ तिच्या माहेरची. सोनाराने तिच्यासमोर मणी तापवले. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली. लाख वितळून वाहू लागली, तिचा वास सगळ्या ओसरीत भरला. मग उरलेला पत्रा तराजूत टाकला तर पारडं जेमतेम हललं. आजी हे सांगताना अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवायची, 'एवढुसं!' भाव चढा होता हे तिलाही माहीत होतं. मी एकदा तेच बोललो तर म्हणाली, 'भाव असन चांगला, पन मले कोनं इचारलं का बाई, तुले इकाचं हाये का?' त्या पैशांत सारा भरला आणि थोडं व्याज गेलं. मुद्दल जागच्या जागी. पुढच्या वर्षी हातातले गोठ गेले.

नाल्याकाठचं वावर तरी राहिलं नाहीच, ते गहाणात बुडालं. १९३३ मध्ये मध्य प्रांतात (वऱ्हाड तेव्हा त्यालाच जोडलेलं होतं) कर्ज लवाद कायदा झाला, त्यामागे पंजाबराव देशमुखांची खटपट होती. सावकार आणि कर्जदार समोरासमोर बसवून कर्ज कमी करून हप्ते बांधून द्यायचे, अशी त्याची रीत. वरचं वावर आपल्याकडे राहिलं ते त्या हप्त्यांमुळे. गाडगेबाबा त्याच काळात गावोगाव कीर्तनातून कर्ज काढू नका म्हणून कळवळून सांगत. त्यांच्या मामाची जमीन सावकाराने गिळलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. पण ज्याच्या मानेवर कर्ज आधीच बसलं होतं, त्याने काय करायचं?

भाव बघून आपण विकलं, असं म्हणायला विकणाऱ्याला थांबता आलं पाहिजे. आजीला थांबता येत नव्हतं. व्यापाऱ्यांनी फायदा घेतला असेल, शहरातल्या काही घरांनीही घेतला असेल, तसं नाव घेऊन लिही. 'शेतकऱ्यांनी' असं सरसकट लिहू नकोस. आणि सोनं बहुतेक बायकांच्या अंगावरचं होतं, त्यांचा तुझ्या लेखात कुठे उल्लेखही नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. निंदणाला, वेचणीला येणाऱ्या बायांकडे तर विकायलाही काही नव्हतं. त्यांचं काय झालं हे आपल्या घरच्या गोष्टीत येत नाही. ते तुला बाहेर शोधावं लागेल.

जुन्या गहाणखताची नक्कल सोबत पाठवतो आहे. मोडी आहे, तुमच्या विभागात कुणी वाचणारं असेल तर त्यातला व्याजाचा दर आणि मुदत काढून घे. मोठ्या आत्याला फोन कर, गोठ कुणी नेले ते तिला नक्की माहीत आहे. दुपारी कर, सकाळी ती पूजेत असते.

इकडे पेरणी आटोपली, पाऊस बरा आहे. आईने लाडू पाठवले आहेत.

तुझे,
बाबा