टक्के न सांगणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

त्या रात्री आयसीयूच्या दाराशी मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं, "ताई शुद्धीवर येईल ना? टक्क्यांत सांगा." टक्का कळला की रडायचं की धावपळ करायची ते ठरवता येईल, असं मला वाटत होतं.

आधीच्या ठिकाणी "ग्रेड पाच आहे, म्हणजे सगळ्यात गंभीर, आशा ठेवू नका" असं उभ्याउभ्या ऐकवून मोकळे झाले होते. तुम्ही खुर्ची ओढलीत. माझ्या हातातली औषधांची चिठ्ठी उलटी करून धमनीला आलेला फुगा काढलात, तो फुटून मेंदूभोवती पसरलेलं रक्त, आणि त्यामुळे आत तुंबलेलं पाणी. म्हणालात, "ग्रेड खरी आहे, पण ती या तुंबलेल्या पाण्यासकट मोजलीय. नळी टाकून दाब उतरवू, फुगा बंद करू, मग परत मोजू."

खोटा धीरही दिला नाहीत. या ग्रेडचे बरेच रुग्ण जातात, वाचलेल्यांपैकी अनेकांना कायम कुणाचा तरी आधार लागतो, हे तुम्हीच सांगितलंत. वय, सीटीत दिसणारं रक्त, डोळ्यांतल्या बाहुल्यांची हालचाल, सगळं बघावं लागतं. आणि एक वाक्य अगदी हळू आवाजात: "आशा नाही म्हणून उपचार थांबवले, तर भाकीत खरं ठरणारच."

दुसऱ्या दिवशी तुम्ही चिमटा काढलात तेव्हा ताईचा उजवा हात नेमका तुमच्या बोटांपाशी आला. आम्हाला त्यात काय एवढं, असं वाटलं. पण दुखतंय कुठे ते तिला कळत होतं; तुम्ही सिस्टरांना हाक मारून ते पुन्हा करून दाखवलंत.

मग दुसरी भीती. रक्तवाहिन्या आकसतात, चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत सांभाळायचं. त्यासाठी दर चार तासांनी निमोडिपिन हे औषध, एकवीस दिवस. नवव्या दिवशी डावा हात लुळा पडला तेव्हा मी कोलमडले. तुम्ही म्हणालात, "हेच सांगितलं होतं ना?" त्या क्षणी तुमचा राग आला होता, खरं सांगते. पण तुम्ही रात्रभर तिथेच होतात.

आज अकरा महिने झाले. ताई चालते. डाव्या हातानं बटण लावायला वेळ लागतो, दुपारनंतर थकते, मधेच शब्द सापडत नाहीत. तुम्ही तिला अजिबात आठवत नाही. म्हणून परवा मी ती चिठ्ठी काढून दाखवली. बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "चित्र फारच वाईट काढलंय गं."