काका-काकूंबद्दल बोलशील तेव्हा

चि. सोनू,

प्रभूमध्ये सलाम आणि आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होते, बाजूला थ्रेशर सुरू, त्यामुळे धड काही ऐकू आलं नाही. म्हणून लिहिते. कापणीच्या सणाच्या रविवारी काका-काकूंच्या स्मरणाची उपासना ठेवली आहे आणि चर्चच्या मंडळीतर्फे तू बोलावंस असं पंचांनी ठरवलं आहे. "मी नागपूरला राहते, मी काय बोलू?" म्हणालीस. पण तूच बोल. इथल्या कोणालाही उभं केलं की "देवमाणसं होती" एवढं म्हणून रडायला लागतो. काकांच्या मातीला तेच झालं.

देवमाणसं नव्हती गं. काकांचा सूर कधी लागला नाही, तरी भजनात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. प्रार्थनेला उभे राहिले की आदामापासून सुरुवात. मग काकू खोकायच्या. एकदा खोकल्या तर पाच मिनिटं राहिली समजायचं, दोनदा खोकल्या तर लगेच आमेन. आणि काकूंची जीभ तुला माहीतच आहे. नर्सिंगचा फॉर्म भरताना तू रडत बसलीस, तेव्हा "रडून का पास होतात वं पोरी?" म्हणून झापलं होतं तुला. नंतर स्वतः सोबत आल्या, उमरीच्या मिशन दवाखान्यात आया होत्या तेव्हाचं जुनं स्वेटर तुला घालून.

लोक म्हणतात, मूलबाळ नव्हतं म्हणून त्यांना चर्चचं एवढं करता आलं. हे वाक्य तू बोलू नकोस. काकूंना ते फार लागायचं, आणि खरंही नाही. ज्यांना मूलबाळ नाही असे आपल्या गावात आणखी आहेत, त्यांनी कधी चर्चची सतरंजीसुद्धा झटकली नाही.

1983 ची गोष्ट मात्र सांग, नव्या पोरांना ती माहीत नाही. सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज, तेव्हा यवतमाळला होती आणि काका तिथे बागेत कामाला होते. त्या साली ती पुण्याला गेली. काकाही गेले असते तर पगार सुरू राहिला असता. पण इथल्या मंडळीचं बघणारे म्हातारे वडील त्याआधीच वारले होते, पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, चर्चची किल्ली कोणाच्या तरी खुंटीला. काका घरी येऊन म्हणाले, ठरव. काकूंनी ठरवलं. त्यांची आजी 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आलेली, आईबाप कोण तेही तिला ठाऊक नव्हतं. "जिले मंडळीनं वाढवलं, तिची नात मंडळीले टाकून जाईन काय?" एवढंच बोलल्या. मग तीन एकर कोरडवाहूत दोघांनी जन्म काढला. हा निर्णय सगळे काकांच्या नावावर सांगतात. तू काकूंच्या नावावर सांग.

आणि कवडीचा लिलाव. तू तेव्हा कॉलेजात होतीस. 2017 चं ते बोंडअळीचं साल. त्याच साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसेक माणसं गेली होती, आणि काकू वावरावावरात जाऊन फवारणाऱ्या पोरांना तोंडाला फडकं बांधायला, घरी गेल्यावर साबणानं आंघोळ करायला सांगत फिरत होत्या. ख्रिस्ती वावर, तांड्यावरचं वावर असलं काही त्यांनी पाहिलं नाही. त्या वर्षी सणाला लिलावासाठी अर्पण आलं तेच मुळात कमी. दोन कोहळे, थोडी ज्वारी, एक गावरान कोंबडी. नाल्याकडची म्हातारी पदराखालून रुमालाचं गाठोडं काढून टेबलावर ठेवून गेली. सोडलं तर आत कवडी. किडका, पिवळा पडलेला कापूस, व्यापारी हातही लावणार नाही असा. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. म्हातारीनं मान खाली घातली.

काकांनी तो कापूस ओंजळीत धरून वर उचलला. "बोला, पहिलं फळ हाय!" कोणी बोलेना. काका स्वतःच म्हणाले, पन्नास. आता लिलाव पुकारणाऱ्यानं बोली लावायची नसते, हे काकांनीच आम्हाला शिकवलेलं. तेवढ्यात वही घेऊन बसलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या, साठ. काका शंभर. काकू सव्वाशे. नवराबायको एकमेकांवर बोली चढवताहेत आणि दोघांचा खिसा एकच! लोक आधी हसले, मग तुझ्या बाबांनी दीडशे म्हटलं, मग तो मागे हसणारा पोरगा दोनशे. शेवटी पाचशेला काकूंनीच घेतला. म्हातारीच्या नावापुढे पाचशे लिहिले, आणि घरी जाताना काकांना म्हणत होत्या, "तीनशेवर थांबता नव्हतं येत का? आता तेल कशानं आणू?"

त्या वह्या माझ्याकडे आल्या आहेत. शाळेच्या दोनशे पानी वह्या, मेणबत्तीपासून चुन्यापर्यंत सगळं लिहिलेलं. वैशाखात काकू गेल्या, तिथून पुढे अक्षर काकांचं. बेरजा चुकलेल्या. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दान लिहिलं आहे, बेरीज नाही.

आता जे तुझ्याशीच बोलते आहे ते. बोलायचं की नाही तू ठरव. ते दोघं गेले आणि आम्हाला काही येत नाही असं दिसलं. चर्चच्या घंटेचा रुळाचा तुकडा वाजवायचा तर कोण वाजवणार इथपासून सुरुवात. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी काका भांडणाऱ्या घरी जायचे, दोघांना समोरासमोर बसवून चहा प्यायला लावायचे. आता वावराच्या धुऱ्यावरून भांडलेले दोन भाऊ चर्चच्या दोन टोकांना बसतात आणि पाळकसाहेबांना त्याचा पत्ता नाही. चूक त्यांचीही होती थोडी. कोणी झाडू घ्यायला गेलं की काकू म्हणायच्या, राहू दे, तुले नाही जमत. आम्हालाही ते सोयीचंच होतं. पंचांना संगमरवरी पाटी लावायची आहे, लावू देत, माझी हरकत नाही. पण मी महिला मंडळात म्हटलं की त्याच दिवशी कामं नावानिशी वाटा. वही मी घेतली. आजारी घरांच्या भेटी दोन सुनांनी घेतल्या. भांडणं मिटवायला कोणी पुढे आलं नाही. तू बोलताना त्या दोन भावांकडे बघून चहाची गोष्ट सांगितलीस तर बरं होईल; तू बाहेरून आलेली, तुझ्यावर कोणी रागावणार नाही.

शनिवारच्या शेवटच्या गाडीनं येऊ नकोस, फाट्यावर अंधार असतो. दुपारची धर, बाबा येतील घ्यायला. लिलाव पुकारायला त्यांनी होकार दिला आहे. त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जात नाही, तेव्हा तू पुढे बसून बोली सुरू कर आणि येताना सुटे पैसे घेऊन ये.

तुझी आई