वहिनी, नेम लहान धरा

॥ श्री ॥

मस्कत, ओमान

ती. सौ. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता देवाजवळ काय नेम धरू?" फोनवर सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, म्हणून कागदावर लिहिते. आप्पांच्या पायाची जखम, दादा आणि बापू ह्या भावाभावांचं बांधावरून बंद झालेलं बोलणं, मायचं रात्र-रात्र जागणं, आणि ह्या सगळ्यांना वेळेवर भाकरी वाढणाऱ्या तुम्ही. तुमच्या मनाला टेकायला जागा हवी, हे मला कळतं.

पहिली गोष्ट, संकटाच्या भरात मोठा संकल्प करू नका. रोज अकरा माळा, अख्खा हरिपाठ, सोमवार-गुरुवार-शनिवार उपास असं एका दमात कबूल केलं की पहिले आठ-दहा दिवस बरे जातात. मग आप्पांना दवाखान्यात न्यावं लागतं, सोयाबीनची रास पडते, पाहुणे येतात आणि नेम मोडतो. मोडला तर मोडला, पण त्याच्यामागं भीती शिरते की आता देव कोपणार. ज्याच्याकडं आधाराला गेलो त्याचीच धास्ती बसते. पुढं माणूस एक तर देव्हाऱ्याकडं बघायचं टाळतं, नाही तर प्रायश्चित्त म्हणून आणखी मोठा नेम धरतं आणि तोही मोडतं. म्हणून अंगात ताप असतानाही जेवढं निभेल तेवढंच कबूल करायचं. तुमच्यासाठी मी असा धरते: दिवेलागणीला दिवा, रामकृष्णहरीची एक माळ, हरिपाठाचे नऊ अभंग, पसायदान आणि शेवटी तुळशीपत्र. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. एखाद्या दिवशी उरक असेल तर जास्त म्हणा, पण ते देवाला कबूल करू नका.

हरिपाठाचे अभंग 27 आहेत. चालीवर, टाळ धरून म्हटले तर पाऊण तास जातो. घरात आजारी माणूस असताना तेवढी सवड रोज निघत नाही. रोज नऊ म्हटले की तिसऱ्या दिवशी पाठ पुरा होतो. नऊ संपले तिथं पोथीत दोरा घाला, नाही तर दुसऱ्या दिवशी "काल कुठवर आलो होतो" ह्यातच मन अडकतं. आणि पुटपुटू नका, शेजारच्या खोलीत बाजेवर पडलेल्या आप्पांना ऐकू जाईल इतपत आवाज ठेवा. त्यांना सगळे अभंग तोंडपाठ आहेत. तुमचा एखादा चरण चुकला तर ते आतून दुरुस्त करतील. त्यांचीही उपासना होईल, आणि दिवसभर दुखण्याशिवाय दुसरा विषय नसलेल्या माणसाला दुसरा विषय मिळेल.

माळेत 108 मणी आणि वर मेरुमणी. मधल्या बोटावर माळ ठेवून अंगठ्यानं मणी ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची. मेरू आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत यायचं. एका मण्याला दोन-अडीच सेकंद धरले तर माळेला चार-साडेचार मिनिटं लागतात. दोन मिनिटांत माळ संपली तर समजा की बोटं चालली होती आणि मन बांधावर होतं. तसं झालं म्हणून स्वतःवर चिडू नका. पुढच्या मण्यापासून नाव स्पष्ट घ्या, एवढंच. मन भरकटतंच. ते परत आणणं हीच खरी मेहनत आहे, आणि ती एका माळेत वीस वेळा करावी लागली तरी चालते.

पाळी, सुतक, अंघोळ झालेली नसणं, ह्यानं नाम अडत नाही. नामाला काळवेळ नाही हे हरिपाठातच सांगितलंय. पूजा थांबली तर थांबू द्या, नाम चालू ठेवा. भाकरी थापताना, दूध तापायची वाट बघताना, आप्पांच्या दवाखान्याच्या बाकड्यावर. गंगाखेडच्या जनाबाईंनी सगळी भक्ती जात्यावर आणि शेणी वेचताना केली, त्यांना बसायला पाट कुणी दिला होता?

आता मायचं. तिला रात्री झोप नाही आणि दिवसा बसवत नाही. "नाम घ्या" म्हटलं तर तिचं मन ठरायचं नाही, कारण हात रिकामे असले की विचार बोकाळतात. तिच्यापुढं कापूस ठेवा, आपल्याच रानातला, पहिल्या वेचणीचा. सरकी काढायची, पाचोळ्याचा कण न् कण वेचायचा, बोटांनी पिंजून हलका करायचा. बोराएवढा पुंजका तळहातावर पसरायचा, मधोमध थोडा जाड ठेवायचा, कडा वर उचलून एकत्र आणायच्या आणि दुधाचं बोट लावून टोकाला पीळ द्यायचा. दूध जास्त झालं तर वात तडतडते. पीळ सैल राहिला तर टोक तुपात लवंडतं आणि ज्योत विझते. टोक फार उंच ठेवलं तर काजळी धरते. लावायच्या आधी वात टोकापर्यंत तुपात भिजू द्यायची. कोरं टोक पेटवलं तर कापूसच जळून जातो. समईला करडईचं तेल असेल तर लांब वात, निरंजनात तूप असेल तर फुलवात. एका वातीला एक नाम, 108 वाती झाल्या की मायची माळ झाली. मोजायला तिला खडे द्या, शेकड्याचा डबा वेगळा ठेवा. रात्री दोनला जाग आली तरी हे काम अंधुक उजेडात होतं, आणि कुणाची झोपही मोडत नाही.

तुळशीपत्राबद्दल नीट सांगते, कारण तुम्ही म्हणालात, "देवाच्या इच्छेवर सोडलं म्हणते, पण सुटत नाही." आपल्याकडं एखाद्या वस्तूवरचा हक्क सोडला की "तुळशीपत्र ठेवलं" म्हणतात. नैवेद्यावर तुळस ठेवली की तो पदार्थ आपला राहत नाही, देवाचा होतो. तेच रोज संध्याकाळी करा. वाटीत गुळाचा खडा आणि चार शेंगदाणे. त्यावर तुळस ठेवताना त्या दिवसाची एकच गोष्ट मनात म्हणा, पण दोन भाग करून. "आज आप्पांची मलमपट्टी केली, गोळ्या वेळेवर दिल्या, हे माझं. जखम भरायची कधी, ते तुझं." "बापूंच्या घरी निरोप धाडला, हे माझं. ते येतात की नाही, ते तुझं." पहिला भाग रिकामा असेल तर दुसरा म्हणू नका. हातातलं काम न करता सगळं देवावर ढकललं की रात्री तेच काम टोचत राहतं, आणि आपल्याला वाटतं की श्रद्धा कमी पडली. तुळस द्वादशीला तोडत नाहीत. तेव्हाची दशमीलाच काढून ठेवा, तुळस शिळी होत नाही.

पैठणच्या नाथांचं ह्याच अंगानं आठवा. त्यांचा मुलगा हरिपंडित शास्त्रात मोठा. वडील प्राकृतात पुराण सांगतात हे त्याला पटेना, म्हणून तो घर सोडून काशीला गेला. नाथ म्हातारपणी त्याला आणायला गेले, त्याच्या अटी मान्य करून त्याला घरी आणला, असं परंपरा सांगते. मुलाचं मन पुढं वळलं, पण ते नाथांनी वाद घालून वळवलेलं नव्हतं. जाणं आणि नमतं घेणं नाथांच्या हातात होतं, तेवढं त्यांनी केलं. एवढ्या मोठ्या संताच्या घरातही बाप-लेकाचं फाटलं होतं, हे लक्षात असू द्या. घरात भांडण आहे म्हणजे आपली भक्ती खोटी, असं मनात आणू नका.

बापूंच्या बाबतीत एक चूक हमखास होते, ती सांभाळा. प्रार्थना घरातल्या घरात ऐकवण्यासाठी होऊ लागते. देव्हाऱ्यापुढं मोठ्यानं "देवा, काहींना सद्बुद्धी दे" म्हटलं की लेकरांनाही कळतं कुणाला म्हणताय, आणि संध्याकाळपर्यंत ते बांधापलीकडं पोचतं. त्यापेक्षा पसायदान अर्थ लावून म्हणा. नऊ ओव्यांत माउलींनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. दुष्टाचा नाश व्हावा असंही मागितलं नाही, त्याचा वाकडेपणा जावा आणि जीवांची एकमेकांशी मैत्री व्हावी एवढंच मागितलं. ती ओवी आली की आधी आपला वाकडेपणा डोळ्यापुढं आणा, मग बापूंचा. क्रम बदलू नका. नंतर वाटीतला गूळ-शेंगदाणा धाकट्याच्या हातानं त्यांच्या घरी धाडा, बरोबर एक शब्दही धाडू नका.

आणि बांध मात्र कागदावरच मिटवा. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडं करायचा. वाटणी सगळ्यांच्या संमतीनं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो. दादा म्हणतात, देव बघून घेईल. देव मोजणीची खूण रोवायला येत नाही, वहिनी. भावाभावात तोंडी राहिलेली वाटणी पुढच्या पिढीत वैर होऊन उगवते.

आप्पांचं तर डोळ्यांत तेल घालून बघा. अंगारा कपाळाला लावा, जखमेला अजिबात नाही. राखेनं जखम चिघळते. साखरेच्या माणसाच्या पायाला बधिरपणा असतो, चटका कळत नाही. म्हणून औंढ्याला किंवा परळीला न्यायचं ठरलं तर दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको. पहाटे न्या, पायात सुती मोजे घाला, घरी आल्यावर तळवे उजेडात तपासा. एकादशीही त्यांना नको. इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, भान हरपतं. साबुदाणा खाल्ला तर तीच साखर वर चढते. त्यांची एकादशी तुळशीच्या तीर्थावर आणि रोजच्या भाकरीवर होऊ द्या. डॉक्टरांच्या गोळ्या "आता देवावर सोडलंय" म्हणून कुणी बंद करू लागलं तर तिथंच थांबवा.

नवसाचं थोडक्यात. मायनं तुळजापूरचा नवस बोललाय म्हणता. फेडू या, पण व्याजानं पैसे काढून नाही. ओटीला खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि मंगळवार-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायचा. आईला एवढं पुरतं. गाडी करून पंचवीस माणसं न्यायची हौस सुगी आल्यावर. आणि बांधावर लिंबू निघालं म्हणून देवऋषी बोलवायची भाषा कुणी काढली तर घरात पाऊल ठेवू देऊ नका. तो आधी पैसे घेतो आणि मग नाव सांगतो, आणि ते नाव नेहमी भावाचं किंवा जावेचंच निघतं. 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे, पण कायद्याच्या आधी घर फुटतं.

मी तुमच्याबरोबर म्हणेन. तुमच्याकडं पावणेआठ म्हणजे इथं सव्वासहा, तेव्हा मी मोकळी असते. फोनवर आवाज थोडा मागं पडतो, त्यामुळं दोघींनी एकदम म्हटलं की चाल मोडते. एक चरण तुम्ही, एक मी. माळेच्या वेळी फोन ठेवून द्यायचा.

राहिले दादा. त्यांना देव्हाऱ्यापुढं बसवायच्या भानगडीत पडू नका, त्यांना ते जमायचं नाही. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसेल तेव्हा त्यांचं नाव विण्याच्या पहाऱ्याला द्या, रात्री दोन ते चार. तसंही त्या वेळी ते ओसरीवर येरझाऱ्या घालत असतात. विणा गळ्यात असली की बसता येत नाही, खाली ठेवता येत नाही, खिशातला फोन काढता येत नाही. एक सूर आणि एक नाम, दोन तास. सात रात्रींत माणसाच्या आतली गाठ सैल पडते. चार वाजता पुढचा विणेकरी येतो. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि मग विणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. बापूंचं नाव दरवर्षी पहाटेच्याच पहाऱ्यात असतं. यादी लिहिणाऱ्याला काही सुचवू नका. दादांचं नाव लिहून द्या, पुढचं नाव कुणाचं येतं त्यावर तुळस ठेवा.

आप्पांना आणि मायला साष्टांग नमस्कार. लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी नणंद

ता. क. एकादशीला भगरीचं तयार सुटं पीठ मोंढ्यातून आणू नका. ते ओल धरतं, त्याला बुरशी येते, आणि आपल्याच भागात त्यातून माणसं आजारी पडल्याच्या बातम्या येत असतात. आख्खी भगर आणा, निवडून, धुऊन, कडक वाळवून लागेल तेवढीच दळा.